घाटातल्या गाडीचं इंजन

नऊ एप्रिल. सकाळची कामं आटोपून विहिरीवरचं इंजन साफ करायला बसले आहे. उद्या नळदुर्गाहून भंगारवाला येणार. तेल, धूळ आणि मळी यांचा जो थर त्यावर चढला आहे तो खुरप्यानं निघत नाही. रॉकेलचा बोळा आणि नारळाची शेंडी लागते. "मोडीत घालायची वस्तू, तिला न्हाऊ कशाला घालतेस?" असं यांनी बांधावरून विचारलं. मी म्हटलं, म्हैस बाजाराला नेताना तिलाही धुऊनच नेता ना?

फेब्रुवारीत आमच्या जळकोटच्या शिवारात विजेचे खांब आले. आता बटण दाबलं की पाणी. हँडल मारा, आधी पेट्रोलवर चालू करा, तापलं की रॉकेलवर घ्या, पट्टा निसटला तर पळत जा, हे सगळं संपलं. माझी तक्रार नाही. हँडल उलटं फिरून एकदा माझं मनगट सुजलं होतं, ते मी विसरलेले नाही. फक्त एक झालं. उन्हाळ्यात करडईची काढणी संपून रानं मोकळी झाली की या इंजनाचा आवाज थेट हैदराबादच्या सडकेपर्यंत जायचा. विजेची मोटार खाली विहिरीत घूं करते, बांधापर्यंतसुद्धा येत नाही. रान मुकं झाल्यासारखं वाटतं.

घासता घासता नंबराची पट्टी निघाली. पितळेची आहे, अजून वाचता येते. बघणाऱ्याला ते विहिरीवरचं इंजन. मला मात्र ठाऊक आहे की ते मोटारगाडीचं आहे, आणि मोटारगाडीत परत बसणार होतं. माझ्या भावाच्या.

मधू काल रात्रीच्या एस.टी.नं आलाय. दर वर्षी खळं झालं की तो धाराशिवहून येतो, वर्षाची ज्वारी घेऊन जातो. कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून आहे. त्याच्या टिपणीत खाडाखोड नसते म्हणतात. आता ओसरीवर बसून पोत्यांची तोंडं शिवतोय. मी इथं इंजन घासतेय हे त्याला दिसतं, पण तो इकडं बघत नाही.

आपला जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचा उन्हाळा. मधू मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी होता. घरी म्हणजे माझ्या घरी, कारण तुळजापुरात आण्णांच्या डोळ्यांसमोर त्याला ग्रीस लागलेले हात घेऊन फिरता येत नव्हतं. आण्णा, म्हणजे आमचे वडील, निजामाच्या अमदानीत कचेरीत पेशकार होते. राज्य बदललं, कागदावरची लिपी बदलली, आण्णा बदलले नाहीत. त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असायचा, बाकायदा, म्हणजे नियमाला धरून. भाजी निवडली तरी ती बाकायदा निवडलेली पाहिजे.

मधूकडं एक मोटार होती. हैदराबादला निघून गेलेल्या एका जागीरदाराच्या वाड्यामागं ती कोंबड्यांच्या ताब्यात होती. विलायती, छोटी, वर कापडी टप. पाण्याशिवाय चालवून कुणीतरी तिचं इंजन तडकवलं होतं. बैल जुंपून ती आमच्या अंगणात आणली तेव्हा आतून अंडी निघाली. यांनी ती मोजली आणि म्हणाले, "चला, काहीतरी देती म्हनायची."

सोलापूरकडच्या मोटारवाल्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. रब्बी निघाली की ते आमच्याकडच्या माळावर मोटारी पळवायला यायचे. सरळ पळवायच्या नाहीत. माळावर चुन्याच्या रेघा आखायच्या, वळणावळणावर चुना फासलेले रिकामे डबे ठेवायचे, आणि एकेका मोटारीनं त्यांच्यातून नागमोडी जाऊन परत यायचं. डबा पाडला की वेळ वाढवायची. जत्रेतल्या बैलगाड्यांच्या शर्यतीपेक्षा हे लोकांना गमतीचं वाटायचं, कारण इथं मोटार कुणाशी पळतेय तेच दिसत नसे.

मधूनं त्या शर्यतीत उतरायचं ठरवलं आणि सडकेला लागून असलेल्या आण्णांच्या रिकाम्या जागेवर मोटार दुरुस्तीची शेड टाकायची परवानगी मागितली. आण्णांनी आधी नाही म्हटलं. मग मी मध्ये पडले, तेव्हा त्यांनी अट घातली. ओसरीवर, काळी टोपी डोक्यावर ठेवून, निकाल वाचावा तशी.

"शर्यतीचा जो कायदा हाय त्यात राहून, बाकायदा, पहिल्या तिघांत ये. आलास तर सडकेची जागा तुझी. न्हाई आलास तर कचेरीतल्या जागेच्या अर्जावर सही करायची आणि पुन्हा पाना हातात धरायचा न्हाई."

"कबूल," मधू म्हणाला. वीस-एकवीस वर्षांचा होता. त्या वयात माणूस कशालाही कबूल म्हणतो.

कायदा असा होता: इंजन बदलायला परवानगी, पण ज्या कंपनीची मोटार त्याच कंपनीचं पाहिजे. गिअरची पेटी आणि मागचा आसही त्याच घरचा. आणि बदललेल्या इंजनाचा नंबर सरकारी कागदावर चढलेला पाहिजे. मधूनं अंगणातल्या फरशीवर कोळशानं मोटारीचं पोट काढलं होतं. मी शेवया वळत बसायची आणि तो मला समजावायचा. "अक्का, नुसतं इंजन बदलून भागत न्हाई. बैल बदलला की जू बदलावं लागतं का न्हाई? इंजनाचा जोर चाकापर्यंत जातो तो मधल्या सामानातनं. तेच जुळलं न्हाई तर जोर जागीच जिरतो." मला हे पटायचं. घरातही तसंच असतं.

तीन इंजनं नजरेसमोर होती. पहिलं लष्करी मोडीतल्या जीपचं. सडकेवर गफूर मिस्त्रीचं गॅरेज होतं, मधू तिथंच शिकला. तिथं ते तिठ्यावरच्या मारुतीसारखं शेंदरी रंग लावून ठेवलेलं होतं.

"मधूभय्या, हेच टाकू की," गफूरचाचा म्हणायचे. "वाघाचं काळीज हाय. नंबर घासून टाकायला मला चहा प्यायचा वखत बी लागायचा न्हाई."

"कंपनी दुसरी हाय, चाचा. आण्णा बाकायदा म्हणालेत."

"तुमच्या आण्णांला इंजन कंचं आन् पिठाची गिरण कंची, हे तरी कळतंय का?"

"त्यांना न्हाई कळत. मला कळतं ना."

चाचा माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, ह्या पोराला कचेरीतच घाला. लई प्रामाणिक हाय." आम्ही हसलो. तेव्हा हसलो.

दुसरं त्याच कंपनीच्या छोट्या मालमोटारीचं. कायद्यात बसणारं, पण वजनाला दांडगं आणि आळशी.

आणि तिसरं हे. समोर आहे ते. तुळजापूरच्या घाटात एक मोटार दरीत गेली होती. मधूच्या मोटारीची थोरली बहीणच म्हणा. तीच कंपनी, तोच सांगाडा, इंजन थोडं मोठं पण वजन जवळपास तेवढंच. गिअरपेटी आणि मागच्या आसातली दातेरी चाकं त्याच्याबरोबरच मिळत होती, त्यामुळं काही कातायला नको, काही जोडायला नको. गफूरचाचांनी ते मोडीतून आणून ठेवलं होतं. मधू ते बघून आला त्या दिवशी जेवताना त्यानं दोनदा मीठ मागून घेतलं आणि दोन्हीदा घालायचं विसरला.

आई तेव्हा माझ्याकडं वाळवणासाठी आली होती. अंगणात बाजांवर धोतरं पसरून कुरडया घातलेल्या, गव्हाच्या चिकाचा आंबूस वास, आणि त्यात पेट्रोलचा वास मिसळलेला. त्या वर्षीच्या कुरडया तळल्या की पेट्रोल लागतं, असं हे पुढं कित्येक दिवस म्हणत. कुरडया सोडता सोडताच आईनं विचारलं, इंजन कुठलं? मधूनं खरं सांगितलं. खोटं बोलायची अक्कल त्याला कधीच नव्हती.

आईनं सोऱ्या खाली ठेवला. "त्या गाडीत तीन माणसं गेली. देवीचा अंगारा त्यांच्या कपाळाला तसाच होता. त्या गाडीचं काळीज काढून तू आपल्या गाडीत घालणार, आन् त्यात बसणार?"

मी म्हटलं, "आई, लोखंडाला कसलं आलंय सुतक?"

"लोखंडाला न्हाई. मला हाय."

ती रडली नाही, उपास धरला नाही, कुणाला शपथ घातली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून मागच्या दारानं ये-जा करायला लागली, म्हणजे अंगणातली मोटार दिसायला नको. हातात कुरडयांची परात घेऊन, गोठ्याला वळसा घालून, शेणातून. मी भांडले तिच्याशी. यांनीही समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि परात उचलून मागच्या दारानं गेली.

मधूच शेवटी म्हणाला, "जाऊ दे अक्का. आई शेणातनं फिरणार आन् मी पुढनं मोटार काढणार, हे जमायचं न्हाई."

आता इंजन घासताना वाटतं, आईचं चुकलं का? माझं पोर अशा गाडीत बसणार असतं, तर मीही कदाचित सोऱ्या खाली ठेवला असता. तिचं भय खरं होतं. मधूचं मन राखणं खरं होतं. सगळं खरंच होतं, म्हणून तर कुणाच्या नावानं बोटं मोडता येत नाहीत. अशी हळहळ वाईट. तिला ठेवायला घरात जागा सापडत नाही.

मालमोटारीचं इंजन बसलं. कागदावर नंबर चढला. त्याची गिअरपेटी घ्यावीच लागली, कारण दुसरी त्याला जुळेना. मागचा आस मात्र मधूनं जुना ठेवला, नाहीतर मोटार माल भरल्यासारखी रांगली असती. एवढं करून ती चालू केली तेव्हा नाकावर बसल्यासारखी दिसली. वळणावर चाक फिरवलं तरी क्षणभर सरळच जायची, बहिऱ्या माणसाला हाक मारल्यासारखी.

मग सगळ्यांनी डोकं लावलं. आम्ही बैलगाडीची माणसं. गाडी पुढं जड झाली की जू बैलाच्या मानेवर बसतं. मग माल मागं सरकवायचा, गाडी तोलात येते. हे आमच्याकडं पोरासोरांनाही कळतं. यांनी तेच सांगितलं, गफूरचाचांनी मान हलवली, मीही हलवली. मागं वजन पाहिजे. काय टाकायचं? पोतं चालणार नव्हतं. हलतं वजन नको, आवळून बसवलेलं पाहिजे, असा कायदा होता.

आई मागच्या दारातून ऐकत होती. ती पुढं आली, कितीतरी दिवसांनी पुढच्या दारानं. म्हणाली, "माझ्यापायी जड झाली ना? मग माझं जातं लाव." मला लग्नात दिलेलं तिचं जातं. गावात गिरण आल्यापासून ते कोपऱ्यात पडून होतं. मधूनं दोन्ही दगडांच्या भोकांतून सळया घातल्या आणि मोटारीच्या पार मागच्या टोकाला आवळून टाकल्या. आईनं वर हळद-कुंकू लावलं. त्या संध्याकाळी आम्ही सगळे इतके खूष होतो की यांनी मोटारीला नारळ फोडला आणि खोबरं गफूरचाचांनी एकट्यांनी खाल्लं.

बैलगाडीला दोन चाकं असतात. मोटारीला चार. एवढंच आम्ही विसरलो. दोन चाकांवर मागं टाकलेलं वजन पुढचं वजन उचलतं आणि काम भागतं. चार चाकांवर तसंच उचललं, तर उचलली जातात ती वळवणारीच चाकं. ती जमीन धरायची सोडतात. शिवाय मागं टोकाला लटकवलेला दगड शेपटीला झोका देतो. हे मला मधूनंच पुढं कधीतरी सांगितलं, ज्वारीचं पोतं शिवताना, अगदी कचेरीतल्या आवाजात.

शर्यतीच्या दिवशी माळावर धुरळा होता. कडुनिंबाला मोहर आलेला. आण्णा छत्री घेऊन सकाळच्या गाडीनं आले आणि चुन्याच्या रेघेपासून बरोबर जेवढं लांब उभं राहायला सांगितलं होतं, तेवढ्या लांब उभे राहिले. मधूची पाळी आली. पहिलं वळण त्यानं हळू घेतलं, डबा वाचला. दुसऱ्याला डबा पडला. मधल्या सरळ पट्ट्यात जड इंजनानं चांगला वेग धरला. लोक ओरडले, माझ्या शेजारी आई पदर तोंडाशी धरून उभी होती. मग बाभळीजवळचं वळण. मधूनं चाक पुरतं फिरवलेलं मला दिसलं. मोटार वळली नाही. आधी नाक सरळ गेलं, मग शेपूट सुटली, मग दोन्ही मिळून चुन्याच्या रेघेबाहेर, आणि मोटार कुणाच्यातरी कडब्याच्या गंजीत अर्धी घुसून थांबली.

मग मधू दार उघडून बाहेर आला, डोक्यावर कडब्याची पाती. कुणीतरी ओरडलं, "मधूशेठ, वैरण घालून आणायची की गाडीला!" सगळा माळ हसला. मधूही हसला. तो हसला म्हणून मला जास्त लागलं.

पहिल्या आलेल्या मोटारीचा आवाज ऐकून गफूरचाचा तापले. "ही आतनं जीप बोलतेय! बॉनेट उघडा म्हना, मधूभय्या. तक्रार कर."

"त्यांचं उघडून माझी वळणार हाय का, चाचा?"

परतताना आण्णा वाटेत थांबले. छत्री मिटली. म्हणाले, "बाकायदा राहिलास. चांगलं केलंस." आणि त्याच आवाजात, त्याच दमात, "उद्या सही कर."

मी म्हटलं, आण्णा, समोरच्यांनी लबाडी केली. आण्णा म्हणाले, "त्यांच्याशी माझं बोलणं झालं नव्हतं." मधूनं मला डोळ्यानं गप्प केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली. सही सुंदर आली. आण्णांनी ती उन्हात धरून वाळवली.

मोटार पुढं सुटी सुटी गेली. आईचं जातं परत कोपऱ्यात आलं, भोकाशी गंजाचा डाग घेऊन. आणि पाऊसकाळानंतर यांनी गफूरचाचांकडून हे घाटातलं इंजन विहिरीसाठी आणलं. दिवाळीला आई आली, विहिरीवर गेली, आणि त्याला हळद-कुंकू लावून आली. मी विचारलं, आता कसं चाललं? ती म्हणाली, "इथं कुणाला बसायचंय? पाणी देतंय बिचारं." तिला त्यात काही विसंगत वाटलं नाही, आणि खरं म्हणजे नव्हतंही. मधूसुद्धा त्या दिवाळीला आलेला, इस्त्रीच्या सदऱ्यात. तो लांब बांधावर उभा राहून ऐकत होता. "चांगलं चालतंय," एवढं म्हणाला आणि घराकडं वळला. त्यानंतर कधी तो विहिरीकडं गेला नाही. सायकलची साखळी निघाली तरी तो दुकानात नेतो. आण्णांना दिलेला शब्द आण्णा गेल्यावरही त्यानं सैल केला नाही.

आण्णांनीही सडकेची ती जागा विकली नाही. भाड्यानं मागायला माणसं यायची, त्यांना ते परत पाठवायचे. दर मार्गशीर्षात गडी लावून तिथल्या बाभळी, घाणेरी काढून जागा साफ करायचे. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आज तिच्या दोन्ही बाजूंना गॅरेजं आहेत. हैदराबादला जाणाऱ्या लॉऱ्या दिवसभर तिथं रांगेत उभ्या असतात. मध्ये आमची जागा, दात पडल्यासारखी.

मला हळवेपणा जमत नाही. बाराएक वर्षं या इंजनावर आमचा ऊस आला, मिरची आली, मुलींची लग्नं झाली. मोटारीत बसलं असतं तर कदाचित दोन वर्षांत खिळखिळं झालं असतं. मधूची शेड चालली असती की नसती, कोण सांगणार? पण दुपारी जेवायला वाढताना मी त्याचे हात बघितले. पांढरे, मऊ, बोटाला शाईचा डाग. मी म्हटलं, "उद्या जातंय इंजन. बघून घे एकदा." तो म्हणाला, "त्यात काय बघायचंय, अक्का? आमटी वाढ."

मी वाढली.

दहा एप्रिल. सकाळी भंगारवाला छकडा घेऊन आला. चालत्या इंजनाची किंमत वेगळी, म्हणून मी हँडल मारून ते चालू करून दाखवलं. पहिल्याच झटक्याला लागलं. मधू ओट्यावर दात घासत होता. त्याचं बोट तोंडातच थांबलं. मान थोडी तिरपी झाली.

"अक्का, व्हॉल्व्ह वाजतोय."

"वाजू दे. आता तोडायलाच चाललंय."

त्यानं चूळ भरली. मग तो ओटा उतरला, बाभळीखालून आला, विहिरीवर चढला, आणि कान लावून उभा राहिला. इंजन बंद केलं. सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर दुमडल्या.

"पाने कुठं ठेवता तुम्ही?"

मी खोपटातून पान्यांची पिशवी आणून दिली. त्यानं न बघता हात घातला आणि पाहिजे तोच पाना काढला.

भंगारवाला म्हणाला, "साहेब, घनानं फोडायचं हाय ते. कशाला हात काळे करता?"

मधूनं ऐकलं नाही. तो वरचं झाकण खोलत होता.

मी भंगारवाल्याला बाजेवर बसायला सांगितलं, चहा टाकते म्हटलं, आणि आत गेले. आधण मोठ्या पातेल्यात ठेवलं, काठोकाठ भरून, म्हणजे लवकर उकळायचं नाही.